रेशन पाहिजे तर ट्रेनिंग करा? आधी हिशोब तर करू!

मित्रहो, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या हजारो घरांच्या चुलीचा आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

सध्या पानठेल्यावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत एक मागणी हमखास ऐकू येते. "फुकटच्या रेशनने लोक आळशी झाले. बंद नका करू, पण अट घाला. धडधाकट माणसाने सरकारी कौशल्य प्रशिक्षण घ्यायचं, हजेरी लावायची, तरच त्याचं धान्य. नाही तर यादीतून नाव कमी."

असं बोलणारे सगळे काही निर्दयी नाहीत. त्यात ऐन रोवणीत मजुरांसाठी गावोगाव फिरणारा शेतकरी आहे, दोन पोरांची फी भरताना मेटाकुटीला आलेला खासगी नोकरदार आहे, गावातली पोरं दिवसभर मोबाईलवर बघून चिडणारे गुरुजी आहेत. त्यांचं दुखणं खरं आहे. औषध मात्र चुकीचं आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वरच्या पातळीवरही हाच सूर निघतो. डिसेंबर २०२४ मध्ये स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सूर्यकांत आणि न्या. मनमोहन यांच्या खंडपीठाने विचारलं होतं की फुकट किती दिवस देणार, या लोकांसाठी रोजगार आणि क्षमता का निर्माण करत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या प्रकरणात न्या. भूषण गवई म्हणाले की मोफत रेशन आणि काम न करता मिळणारे पैसे यामुळे लोक कामाला तयार होत नाहीत. गवई साहेब आपल्या विदर्भाचे, अमरावतीचे. शेतीला मजूर मिळत नाहीत हा महाराष्ट्रातला अनुभवही त्यांनी सांगितला होता. दोन्ही टिप्पण्या तोंडी होत्या, आदेश नव्हते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातही काम किंवा प्रशिक्षणाची अट नाही. पण वारं त्या दिशेने वाहतंय, म्हणून आताच बोललेलं बरं.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. प्रशिक्षण हवं, आपल्या जिल्ह्यांना तर सगळ्यात जास्त हवं. पण त्याची अट जेवणाला नको. आणि अट घालायचीच असेल, तर ती धान्य घेणाऱ्यावर न घालता प्रशिक्षण देणाऱ्यावर घाला.

१. फुकट म्हणजे नेमकं किती?

प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला ३५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून तो मोफत झाला, आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षं मोफतच राहील असं केंद्राने ठरवलं.

५ किलोला ३० दिवसांनी भागा. माणशी दिवसाला १६६ ग्रॅम. दोन वेळच्या जेवणाला. त्यात डाळ नाही, तेल नाही, तिखट-मीठ नाही, भाजी नाही.

आता पैशात बघू. चौघांच्या घराला २० किलो. बाजारात तांदूळ ४० रुपये किलो धरला, तर महिन्याचे झाले ८०० रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर आहे दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे चार जणांच्या घराला महिनाभरात जे फुकट मिळतं, त्याची किंमत एका माणसाच्या अडीच दिवसांच्या मजुरीइतकी.

ज्या रेशनने लोक आळशी झाले म्हणता, ते रेशन फार तर अडीच दिवसांचा आळस पुरवतं. उरलेले साडेसत्तावीस दिवस हे लोक काय खातात? तेल कुठून आणतात? आजारी पडल्यावर गाडीभाडं कुठून देतात? काम करूनच ना!

२. मग मजूर जातो कुठे?

शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. मजूर मिळत नाही, हे मी नाकारत नाही. पण तो घरी झोपलेला असतो, हे मात्र खरं नाही.

आपल्या मजुराचं वर्ष कसं जातं ते बघा. जून-जुलैत धानाची रोवणी. दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मळणी. राजुरा, कोरपना, वरोऱ्याकडे कापूस वेचणी. जानेवारी लागला की पिकअपमध्ये कोंबून तेलंगणाकडे मिरची तोडायला, नवरा-बायको दोघं, कधी लेकरंही सोबत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात मोहफुलं वेचायची. मे महिन्यात तेंदूपत्ता: पहाटे जंगलात जायचं, दुपारी पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. मग पुन्हा पाऊस.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याकडचे किती मजूर तेलंगणात मिरचीच्या वावरात अडकले होते, आठवा. किती जण पायी निघाले, तेही आठवा. ही आळशी माणसं होती?

जानेवारी २०२४. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. नावेतल्या बायका पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. नदीने त्यांना परत दिलं नाही.

मे २०२५. सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

मोफत तांदूळ तेव्हाही सुरू होता. त्याने माणूस घरी बसत असता, तर या बायका त्या दिवशी घरीच असत्या. ५ किलो तांदळात घर चालत नाही, म्हणून माणूस नदी ओलांडतो आणि वाघाच्या जंगलात शिरतो.

मजूर कमी पडतो त्याची कारणं वेगळी आहेत. रोवणी सगळ्यांची एकाच पंधरवड्यात येते, त्यामुळे हात कमी पडणारच. मिरचीला रोख आणि सलग काम मिळतं, म्हणून मजूर तिकडे जातो. शिकलेली पोरं वावरात उतरायला तयार नाहीत, त्यात शेतकऱ्यांची स्वतःची पोरंही आली. आणि धानाला भावच असा मिळतो की शेतकऱ्याला मजुरी वाढवून देणं परवडत नाही. यातलं एकही कारण रेशन दुकानात सापडत नाही. उलट त्या मजुराला ट्रेनिंग सेंटरमध्ये नेऊन बसवलं, तर तुमच्या रोवणीला आणखी एक माणूस कमी होईल, याचा विचार केलात का?

"पण भाऊ, लोक रेशनचा तांदूळ विकतात, त्याचं काय?" विकतात. मी बघितलं आहे, तुम्हीही बघितलं असेल. पाच-दहा किलो विकून तेलाची पिशवी, मुलाची वही किंवा औषधाची गोळी घेतात. काही जण दारूही पितात, तेही लपवत नाही. पण विकणारा आपल्याला दिसतो, आणि गावोगाव फिरून तो तांदूळ घेणारा, गोणीत भरून पुढे पाठवणारा दिसत नाही. चोरी थांबवायची तर त्या साखळीवर धाड घाला. ट्रेनिंगच्या हजेरीने तो तांदूळ कसा थांबणार?

३. अट घातली तर काय होईल?

समजा, अट आली. महिन्याला ८० तासांचं प्रशिक्षण. हा आकडा मी हवेतून आणलेला नाही. अमेरिकेत सरकारी अन्न मदतीला हीच अट आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. ८० तास म्हणजे ८ तासांचे १० दिवस. १० दिवसांची मजुरी बुडाली, ३१२ प्रमाणे ३,१२० रुपये. आणि वाचलं काय? आठशे रुपयांचा तांदूळ. तोही चौघांचा. कुठला शहाणा माणूस हा सौदा करेल? तो रेशन सोडेल आणि मजुरीला जाईल. मग कागदावर लिहिलं जाईल, "एवढ्या कुटुंबांनी स्वेच्छेने लाभ सोडला." आणि त्या घरातल्या लेकराच्या ताटातला भात कमी होईल. त्या लेकराने कुठली हजेरी चुकवली होती?

कार्ड कुटुंबाचं असतं, भांडं एकच असतं. बापाचे ५ किलो कापले म्हणजे बापच उपाशी राहतो असं नाही. सगळ्यांच्या ताटातून थोडं थोडं जातं, आणि आपल्याकडे सगळ्यात शेवटी कोण जेवतं हे प्रत्येकाला माहीत आहे. घरातली बाई.

आता भूगोल. गडचिरोली शहरात बसून सिरोंच्याचा विचार होत नाही, आणि मुंबईत बसून गडचिरोलीचा होत नाही. सिरोंचा ते गडचिरोली अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आम्ही दरवर्षी लिहितो. संपर्क तुटणाऱ्या गावांना पावसाळ्याच्या आधीच काही महिन्यांचं धान्य पोचवून ठेवावं लागतं, नवसंजीवनी योजनेत तशी सोयच आहे. शासनालाच जिथे चार महिने पोचता येत नाही, तिथल्या माणसाने दर महिन्याला हजेरी लावायला कुठे जायचं? नदी पोहून?

भाषेचं काय? आपल्याकडे माडिया आहेत, जिवती-कोरपन्याकडे कोलाम आहेत. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी हे दोन. वर्गात बोललं जाणार मराठी किंवा हिंदी, फॉर्म ऑनलाइन, पासवर्ड इंग्रजीत. बऱ्याच कोर्सला आठवी किंवा दहावीची पात्रता लागते. शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाला ज्या वर्गात प्रवेशच नाही, त्या वर्गात न बसल्याची शिक्षा त्याच्या ताटाला?

आणि स्थलांतर. 'एक देश एक रेशन कार्ड' आल्यापासून मजूर दुसऱ्या राज्यातही आपलं धान्य उचलू शकतो. चांगली सोय आहे. पण तेलंगणात मिरची तोडणाऱ्याची चिमूरच्या सेंटरमधली हजेरी कोण लावणार?

४. अटींचा अनुभव आपल्याला नवा नाही

अटी आजही आहेत. ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ही प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा आहे. आधार जोडणी, ई-पॉसवर अंगठा, आता ई-केवायसी. प्रत्येक अट कागदावर साधी दिसते. बोगस नावं कमी व्हावीत हा हेतूही चुकीचा नाही. पण ई-केवायसीच्या रांगेत उभे राहून बघा. आयुष्यभर दगड-माती उचलून ज्याच्या बोटाच्या रेषा झिजल्या त्याचा अंगठा उमटत नाही. गावात नेटवर्क नाही म्हणून लोक टेकडीवर जातात. मुलगा पुण्याला, सून माहेरी, म्हातारी अंथरुणात. तीन नावं अडकली.

आणि हा प्रश्न फक्त गैरसोयीचा राहत नाही. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी गेली. आधार जोडलं नाही म्हणून कुटुंबाचं कार्ड रद्द झालं होतं. घरचे म्हणाले, भुकेने गेली. प्रशासन म्हणालं, मलेरियाने. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. कारण कुठलंही माना, त्या घरात धान्य येणं बंद झालं होतं आणि त्याचं कारण एक न पूर्ण झालेली अट होतं.

माझ्या पत्रकारितेच्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. कुठलीही नवी अट आली की चलाख माणूस तिच्यातून वाट काढतो आणि अडकतो तो सगळ्यात गरजू. बोगस लाभार्थ्याला ट्रेनिंगचं बोगस सर्टिफिकेट मिळवायला किती वेळ लागेल? तुम्हीच सांगा.

५. जगात काय झालं?

अमेरिकेत अन्न मदतीच्या योजनेला 'स्नॅप' म्हणतात. मूलबाळ नसलेल्या धडधाकट प्रौढाने महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा सेवा केली नाही, तर तीन वर्षांत फक्त तीन महिने मदत मिळते. जुलै २०२५ च्या कायद्याने ही अट ६४ वर्षं वयापर्यंत वाढवली, आणि १४ वर्षांवरची मुलं असलेल्या पालकांनाही लावली.

या अटीने लोक कामाला लागले का? व्हर्जिनिया राज्यातल्या सरकारी नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अट लागू झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक योजनेतून बाहेर पडले, ५३ टक्के. आणि नोकरीत वाढ? दिसण्याइतकी झालीच नाही. म्हणजे धान्य गेलं आणि कामही आलं नाही. जिथे रस्ते, इंटरनेट, रोजगार कार्यालयं सगळं आहे त्या देशात ही गत. एटापल्लीत काय होईल?

आणि "फुकट दिलं की माणूस काम सोडतो" हे गृहीतकही तपासलं गेलं आहे. नोबेल मिळालेले आपले अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या थेट रोख मदतीच्या सात प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून बघितली. मदत घेणाऱ्यांनी काम कमी केल्याचा पुरावा मिळाला नाही. तिथे तर हातात रोख पैसे होते, आपल्याकडे १६६ ग्रॅम धान्य आहे.

६. महाराष्ट्राने हे आधी बघितलं आहे

१८७६-७७ चा मोठा दुष्काळ. इंग्रज सरकारचं धोरण असं की धान्य फुकट दिलं तर रयत आळशी होईल, म्हणून आधी घाम गाळा, मग घास. मद्रास इलाख्यात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड अशी ठेवली. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. आपल्याकडे मुंबई इलाख्यातही मजुरी घटवली, मजुरांना घरापासून लांबच्या कामांवर पाठवायला सुरुवात केली. मजुरांनी कामं सोडली, पण त्या अटी मानल्या नाहीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

एक गंमत बघा. राबणाऱ्या मजुराला दिलेल्या त्या ४५० ग्रॅमला लोक तेव्हा उपासमारीची मजुरी म्हणाले. आज माणशी १६६ ग्रॅमला आपण लाड म्हणतो.

याच महाराष्ट्राने पुढे उलटा विचारही केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक सरकारी कामांवर होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यातलं तत्त्व काय होतं? माणसाने काम मागायचं, आणि ते देणं सरकारवर बंधनकारक. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्या. म्हणजे अट होती, पण सरकारवर. हीच कल्पना २००५ मध्ये देशाने घेतली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात जे जिल्हे निवडले त्यात आपले चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही होते. आता डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा आला, १०० चे १२५ दिवस झाले, आणि शेतीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामं थांबवायची सोयही त्यात आली. मजूर टंचाईची तक्रार सरकारने तिथे ऐकली आहे. मग त्याच कारणासाठी रेशनला वेगळी अट कशाला?

७. आणि ट्रेनिंगचं काय चाललंय?

ज्याची सक्ती करायची म्हणता, तो माल तरी कसा आहे ते तपासू. देशाच्या कौशल्य विकास योजनेवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आला. तपासलेल्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक प्रशिक्षणार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, रिकामी जागा किंवा भलतंच काही भरलेलं होतं. अल्पमुदतीचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच काम मिळाल्याची नोंद होती.

आपल्या राज्यात २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. आधी सहा महिने, मग मुदत वाढवून ११ महिने. आणि ११ महिने झाल्यावर? हीच पोरं "आता पुढे काय?" विचारत आंदोलनाला बसली. शिकलेल्या, विद्यावेतन घेतलेल्या मुलांना ट्रेनिंगनंतर नोकरी नाही, तर पाचवी शिकलेल्या शेतमजुराला कुठली मिळणार आहे?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाही तर अन्याय होईल. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहण्या-जेवणाची सोय करून मोफत शिकवतात. गडचिरोली पोलिसांच्या 'दादालोरा खिडकी'तून दुर्गम भागातली मुलं-मुली प्रशिक्षणाला आणि नोकरीला लागली आहेत. पीएम विश्वकर्मामध्ये सुतार, लोहार, टोपल्या विणणाऱ्या कारागिरांना प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये मिळतात, वर अवजारांसाठी १५,००० रुपये. यातल्या कशालाही रेशन कापायची धमकी लागलेली नाही. कामाचं शिकवा, बुडालेली मजुरी भरून द्या, लोक येतात.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या जंगलात आहे. मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती दिले. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. मजुरीसाठी गाव सोडणारी माणसं आपल्याच जंगलात बांबू कापू लागली, ग्रामसभेत बसून विक्रीचा हिशोब ठेवू लागली. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आज तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. निविदा, करार, रॉयल्टी, बोनस, बँक खातं, ऑडिट हे सगळं लोक शिकले. कामातून शिकले, कारण शिकण्याचा फायदा त्यांच्याच घरात येत होता. याला म्हणतात कौशल्य विकास.

८. मग करायचं काय?

नुसता विरोध करून मी मोकळा होणार नाही. माझ्या पाच मागण्या लिहून ठेवा.

पहिली, रेशनला हात लावायचा नाही. पोट भरलेलं असेल तरच बाप पोराला सहा महिने शिकायला पाठवू शकतो. घरात तांदूळ नसेल तर पोरगं ट्रेनिंग सोडून पहिल्या पिकअपमध्ये चढतं. रेशन हे प्रशिक्षणाचं भांडवल आहे. भांडवलच कापून धंदा उभा राहत नाही.

दुसरी, प्रशिक्षणाच्या दिवसाचे पैसे किमान रोजगार हमीच्या दराने द्या. विश्वकर्मात देता येतात तर इथे का नाही?

तिसरी, वेळापत्रक मुंबईच्या आर्थिक वर्षाने नको, आपल्या हंगामाने हवं. रोवणी संपते आणि कापणी लागते त्यामधल्या दीड-दोन महिन्यांत, जिथे रस्ता चालू असतो तिथे वर्ग घ्या. वर्ग मोठ्या गावाच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत, शिकवणारा गोंडी-माडिया समजणारा, आणि बायकांसाठी लेकरं सांभाळायची सोय.

चौथी, संस्थेला पैसे हजेरीवर देऊ नका. शिकलेला माणूस वर्षभर कामावर टिकला तर पूर्ण पैसे, नाही तर नाही. बघा मग, कोण-कोण संस्था चालवायला पुढे येते! अटच घालायची हौस असेल तर ती इथे घाला.

पाचवी, कंपन्यांना विचारा. आपल्याकडे कोळसा आहे, सिमेंट आहे, बल्लारपूरचा कागद आहे, वीज केंद्र आहे. आता सुरजागडचं लोहखनिज आणि कोनसरीचा प्रकल्प आहे. जमीन आपली, धूळ आपल्या फुफ्फुसात, ट्रक आपल्या रस्त्यावर. येत्या पाच वर्षांत कुठल्या कामाला किती माणसं लागतील, याची यादी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तालुक्या-तालुक्यात लावा. त्या यादीप्रमाणे ट्रेनिंग द्या. आज उलटं चालतं. आधी सेंटर उघडतं, मग कोर्स ठरतो, मग पोरं शोधतात, आणि नोकरीचं कुणी विचारतच नाही.

शेतकरी मित्रांना वेगळं सांगतो. तुमचं भांडण मजुराशी नाही. तुम्ही आणि तो एकाच बांधावर उभे आहात. धानाला भाव मिळाला तर तुम्ही मजुरी वाढवाल, मजुरी वाढली तर तो तेलंगणात कशाला जाईल? त्याच्या ताटातले ५ किलो गेले म्हणून तुमच्या पोत्याला एक रुपया जास्त मिळणार नाही.

पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या गावातून गेल्या तीन वर्षांत किती जणांनी सरकारी ट्रेनिंग घेतलं, आणि त्यातले आज किती जण त्याच कामावर आहेत? उत्तर लेखी मागा. ज्या दिवशी त्या उत्तराची तुम्हाला लाज वाटणार नाही, त्या दिवशी सक्तीचं बोलू. तोवर गरिबाच्या ताटातल्या १६६ ग्रॅमवर डोळा नको.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, मी उत्तर देईन. फक्त शिव्यांऐवजी आकडे घेऊन या.